वडिलांसोबत सायकलने नृसिंहवाडी

कोल्हापूरहून हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळमार्गे नृसिंहवाडी सुमारे 50 किलोमीटर असून रस्ता बहुतांशी सपाट असल्याने, साठीतल्या वडिलांसोबतच्या पहिल्या मोठ्या फेरीसाठी पन्हाळ्याच्या चढापेक्षा तो मला अधिक योग्य वाटतो. आदल्या दिवशी त्यांच्या सीटची उंची तपासावी. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली, की गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. उजाडताच निघावे. वडिलांना पुढे ठेवून आपण मागे राहावे, म्हणजे वेग तेच ठरवतात आणि दमल्याचे त्यांना बोलून दाखवावे लागत नाही (ते दाखवतही नाहीत). गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना ओलांडण्याची घाई करू नये. पंक्चर झाल्यास नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट हळुवार फिरवावे. आमच्या टायरमध्ये बाभळीच्या काट्याचे टोक तसेच राहिले होते आणि दुसरी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर झाली. वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पाय सोडून निवांत बसावे, दत्तदर्शन घ्यावे; मात्र परतीचे तितकेच अंतर कापायचे असल्यामुळे बासुंदी वाटीभरच घेऊन दुपारचे ऊन उतरल्यावर निघावे.