चेक इंजिनचा दिवा लागला, तर जुन्या गाडीतला दोष कसा शोधावा

आधी एवढंच पाहा: दिवा एकसारखा पेटलेला आहे की लुकलुकतोय? लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय. एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच सायलेन्सरच्या वाटेने बाहेर पडतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणारा एक्झॉस्टमधला भाग) जाऊन पेटतं. त्या उष्णतेने कन्व्हर्टर आतून वितळू शकतो, म्हणून अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या आणि पुढे ती ओढूनच न्या. दिवा स्थिर असेल तर एवढी घाई नाही. मात्र तापमानाचा काटा वर चढलाय का आणि ऑइलचा लाल दिवा लागलाय का, हे बघून घ्या. त्या दोन्हींपुढे चेक इंजिन किरकोळ.

बरेच जण इथे बॅटरीची वायर काढतात. दिवा विझतो खरा, पण त्यासोबत गाडीच्या संगणकाने साठवलेला दोषाचा क्रमांक, म्हणजे कोडही पुसला जातो आणि दोष आला त्या क्षणाची नोंदही जाते. त्या नोंदीला फ्रीझ फ्रेम म्हणतात. इंजिन गार होतं की गरम, आरपीएम किती, वेग किती, हे तीत असतं. माझ्या मते ती कोडइतकीच मोलाची आहे, आणि बहुतेक लोक ती उघडूनही बघत नाहीत.

मग कोड वाचणारा स्कॅनर लावा. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडी-२ (गाडीच्या संगणकाने स्वतःच दोष शोधून नोंदवायची) पद्धत सक्तीची झाली. अशा गाडीत स्टिअरिंगच्या आसपास, डॅशबोर्डखाली १६ पिनांचं सॉकेट सापडतं. ब्लूटूथवर चालणारा साधा अ‍ॅडॉप्टर आणि मोबाइलवरचं अ‍ॅप एवढं पुरतं. त्याहून जुन्या गाड्यांमध्ये बहुधा ठरावीक दोन टर्मिनल जोडून दिव्याच्या लुकलुकण्यावरून कोड मोजावा लागतो. कोणती दोन, हे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय वायर लावू नका.

कोड मिळाला की लगेच पार्ट मागवायला धावू नका. कोड लक्षण सांगतो, खराब झालेला पार्ट सांगत नाही. पी०१७१ घ्या. त्याचा अर्थ मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. हे कळवतो एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर, आणि बदललाही जातो तोच बिचारा! जुन्या गाडीत खरा चोर बहुधा तडकलेला व्हॅक्यूम होज (इनटेकला, म्हणजे इंजिनच्या हवेच्या वाटेला जोडलेली रबरी नळी) किंवा इनटेकचं कडक झालेलं गॅस्केट असतं. ओळखायचं कसं? अ‍ॅपवर फ्युएल ट्रिम उघडा, म्हणजे संगणक इंधन किती टक्के वाढवतोय वा कमी करतोय तो आकडा. शून्याच्या आसपास, फार तर दहा टक्के इकडेतिकडे, चालतं. आयडलला (गाडी उभी, अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला) आकडा वीसच्या पुढे आणि २५०० आरपीएमला खाली आला, तर कुठून तरी चोरटी हवा आत शिरतेय. उलट आरपीएमसोबत आकडा चढत गेला तर फिल्टर, पंप किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासा. बॉनेट उघडून कान दिला तर हवा गळतानाची शीळ पुष्कळदा ऐकूही येते.

पी०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर मिसफायर. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल तर इंजिन बंद करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेली. कोड जागचा हलला नाही तर स्पार्क प्लग, मग इंजेक्टर, शेवटी सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासा. खर्च शून्य, आणि अंदाजाचं काम नाही.

पी०४५५ (इंधनाच्या वाफेची मोठी गळती) आला तर आधी इंधन टाकीचं झाकण घट्ट करा आणि त्याचा रबर रिंग बघा. दिवा लगेच विझत नाही, काही फेऱ्या लागतात. पी०४२० (कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही) मात्र महागात पाडणारा कोड आहे. कन्व्हर्टर बदलण्याआधी कन्व्हर्टरमागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट कुठे गळतंय का आणि जुना मिसफायर शिल्लक आहे का, हे नक्की पाहा, नाहीतर नवा कन्व्हर्टरही तसाच जाईल.

एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम आले तर सेन्सरना दोष देऊ नका. मल्टिमीटर काढा. इंजिन बंद असताना चार्ज झालेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १४ च्या आसपास मिळायला हवेत. तेही ठीक असेल तर इंजिन आणि बॉडी यांमधली अर्थिंगची पट्टी घासून स्वच्छ करा.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसून गाडी गार असताना सुरू करा आणि शहरातून व मोकळ्या रस्त्यावरून फिरवा, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण होतील. त्या झाल्यात की नाही, हे अ‍ॅपमध्ये 'रेडीनेस'खाली दिसतं. शेवटी मेकॅनिककडे जावंच लागलं, तर कोड, फ्रीझ फ्रेम आणि काय काय तपासलं ते कागदावर लिहून द्या.