मेरी कोमची कारकीर्द वहीत कशी मांडावी

हौशी बॉक्सिंगमध्ये नुसती पदकं मोजली तर निम्मी कामगिरी नजरेआड राहते. वहीचं पान आडवं धरून सहा रकाने आखा: वर्ष, ठिकाण, वजनगट, फेरी, प्रतिस्पर्धी, निकाल. पहिल्यांदा फक्त जागतिक स्पर्धा भरा.

वजनगटाचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. २००१ साली स्क्रॅंटनला ४८ किलोत रौप्य. २००२ला अंताल्यात ४५ किलो. २००५ला पोदोल्स्क, २००६ला दिल्ली, २००८ला निंगबो, तिन्ही ४६ किलो. २०१०ला ब्रिजटाउन, ४८ किलो. ही पाच सुवर्णं. मग ऑलिंपिक घ्या: पुढची ओळ लंडन २०१२ची, आणि गट एकदम ५१! महिला बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आलं होतं, गट तीनच होते: ५१, ६० आणि ७५. तिचा नेहमीचा गट त्यात नव्हताच, त्यामुळे तिला वर चढावं लागलं. लंडनचं कांस्य ही वाढ लक्षात घेऊनच जोखायचं.

आता निकाल. लंडनच्या उपांत्य फेरीत ती निकोला ॲडम्सकडून ६-११ हरली. २०१८च्या जागतिक अंतिम लढतीत तिने हाना ओखोटाला ५-० हरवलं. हे आकडे एका मापाचे नाहीत. लंडनला पंच ठोसा लागला की बटण दाबत, म्हणजे ६-११ हे गुण. २०१३पासून लढतीतली प्रत्येक फेरी जिंकणारीला १० आणि दुसरीला ९ किंवा कमी गुण मिळू लागले. तिथे ५-० म्हणजे पाचही पंचांचा कौल तिच्या बाजूने. म्हणून आकड्यापुढे ‘गुण’ की ‘पंच’ ते लिहाच. लढतीतल्या फेऱ्याही बदलल्या: लंडनला दोन मिनिटांच्या चार, २०१८ला तीन मिनिटांच्या तीन.

(ती २०१८ची लढत दिल्लीत ज्या हॉलमध्ये झाली, त्याला आपल्या खाशाबा जाधवांचं नाव आहे. ठिकाणाच्या रकान्यात हे जरूर लिहा.)

कांस्यपदकासाठी वेगळी लढत शोधू नका. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघींनाही कांस्य मिळतं. लंडनला मिखाल्चुकविरुद्ध १९-१४ आणि रहालीविरुद्ध १५-६ असे दोन विजय मिळाले आणि पदक नक्की झालं. ‘बाय’ (न लढताच पुढच्या फेरीत जाणं) मात्र विजयात धरू नका. ठोसाच पडलेला नसतो. तेवढी नोंद ‘फेरी’च्या रकान्यात पेन्सिलीने करा.