टेबलावर बंदूक आणताना या चुका टाळा

फाशांवर चालणाऱ्या टेबलटॉप रोलप्लेइंग खेळाच्या कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकांत चालणाऱ्या कथेत) रायफल आली की दोन-तीन सेशनमध्येच तलवारवाला खेळाडू मोबाइल चाळायला लागतो. खापर बंदुकीवर फुटतं, पण घोळ बहुतेक वेळा रीलोडच्या नियमात असतो. वेगळं काही सांगितलेलं नसेल तिथे खालचे आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४च्या नियमांप्रमाणे आहेत.

नुसते डॅमेजचे फासे बघणं

मस्केट (ठासणीची बंदूक) १डी१२, म्हणजे बारा बाजूंचा एक फासा, आणि लाँगबो (लांब धनुष्य) १डी८, म्हणजे मस्केट भारी असं वाटतं. हिशेब करून बघा. पाचव्या लेव्हलचा फायटर (लढवय्या), डेक्स्टरिटी (चपळाई) +४, जी प्रत्येक हल्ल्याच्या डॅमेजमध्ये मिळवायची, एका टर्नला दोन हल्ले. दोन्ही बाण लागले तर सरासरी १७ डॅमेज. मस्केटला मात्र लोडिंग हा गुणधर्म आहे. हल्ले कितीही असोत, एका ॲक्शनला (टर्नमधल्या मुख्य कृतीला) गोळी एकच, म्हणजे १०.५. अकराव्या लेव्हलला तीन हल्ले आणि +५ धरले तर लाँगबो २८.५ वर जातो आणि मस्केट ११.५ वर रेंगाळते. वर तिची किंमत ५०० सुवर्णनाणी, लाँगबोची ५०.

खेळाडू कुरकुर करतो, डीएमला (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला) दया येते आणि तो लोडिंग फुकटात काढून टाकतो. ते करू नका. २०२०पासून त्यासाठी गनर ही फीट (पात्राने निवडायचं खास कौशल्य) आहे. ती घेतलेल्या फायटरचं डॅमेज पाचव्या लेव्हलला २१ होतं. स्ट्रेंग्थ (ताकद) +४ असलेला ग्रेटस्वोर्डवाला (दोन हातांच्या मोठ्या तलवारीचा, २डी६) २२ वर असतो. एक फीट खर्चून लांबून तेवढाच मारा करता आला, तर सौदा रास्त आहे.

आपल्याकडच्या इतिहासातही हे दिसतं. १७६१च्या पानिपतात इब्राहिमखान गारद्याच्या बंदुका आणि भाले-तलवारी एकाच रणात होत्या. एक बार काढून पुन्हा ठासेपर्यंत घोडेस्वार अंगावर यायचा, म्हणून भाल्याला काम उरलं होतं. बंदूक ठासायला वेळच लागत नसेल, तर टेबलावरही तलवारीला काम उरत नाही.

आधुनिक रायफलीचं रीलोड बोनस ॲक्शनवर सोडणं

सर्वांत महागात पडते ती ही चूक. हंटिंग रायफल २डी१०, पाच गोळ्या, मग ॲक्शन किंवा बोनस ॲक्शन (टर्नमधली जादाची छोटी कृती) खर्चून रीलोड. फायटरची बोनस ॲक्शन बहुतेक टर्नला रिकामीच असते. तिसऱ्या टर्नला पाचवी गोळी झाडायची, मधेच रीलोड करायचं आणि सहावी झाडायची. एकही हल्ला बुडत नाही. दर टर्नला ३० डॅमेज, तेही ८० फुटांवरून.

'किंवा बोनस ॲक्शन' हे शब्द खोडा. मग पाच गोळ्यांना चार टर्न लागतात: दोन, दोन, एक आणि चौथा रीलोडचा. चार टर्नला ७५ डॅमेज, म्हणजे टर्नला १८.७५. ग्रेटस्वोर्डचे चार टर्नला ८८ होतात. तीनच टर्नची चकमक असेल तर रायफल ७५ आणि ग्रेटस्वोर्ड ६६. छोट्या लढाईत बंदूक वरचढ, लांबलेल्या लढाईत तलवार. हेच तर हवं आहे.

हुशार खेळाडू लगेच दुसरी भरलेली रायफल पाठीला अडकवेल. ती पाठीवरून काढून हातात घ्यायलाही पूर्ण ॲक्शन लागते, असं आधीच सांगून ठेवा.

पहिल्या लेव्हलला दरोडेखोरांच्या हातात रायफल देणं

८ हिट पॉइंटचा (जीव मोजायचे गुण) विझर्ड, म्हणजे जादूगार, घ्या. एका फटक्यात १६ डॅमेज झालं तर डेथ सेव्हिंग थ्रोची (जीव वाचवायला टाकायच्या फाशांची) संधीही नाही, तो जागीच मेला. बँडिटच्या (दरोडेखोराच्या) लाइट क्रॉसबोचं डॅमेज १डी८+१, म्हणजे क्रिटिकल (हल्ल्याच्या फाशावर २० येऊन बसलेला जबर फटका) सोडला तर जास्तीत जास्त ९. तीच हंटिंग रायफल असेल तर २डी१०+१, आणि लागलेल्या गोळीला १६ किंवा जास्त येण्याची शक्यता २१ टक्के. चार बँडिट असले तर कॅरेक्टर शीट फाडायची तयारी ठेवा. शत्रूला १डी१०चं साधं पिस्तूल द्या किंवा कॅम्पेन तिसऱ्या लेव्हलपासून सुरू करा.

'गोळीपुढे चिलखत काय टिकणार!'

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या पहिल्या आवृत्तीने हे करून बघितलं. जुन्या धाटणीच्या बंदुकीची गोळी पल्ल्याच्या पहिल्या टप्प्यात टच एसीवर लागायची. एसी म्हणजे फटका बसायला हल्ल्याच्या फाशाने गाठायचा आकडा, आणि टच एसी म्हणजे त्यातून चिलखत वगळलेला. प्रौढ लाल ड्रॅगनचा एसी २९, टच एसी ८. बाकीचे फासे फुंकत बसायचे आणि गनस्लिंगर (बंदूकवाला) फाशावर नुसता २ आला तरी ड्रॅगनला भोकं पाडायचा. दुसऱ्या आवृत्तीत टच एसीच गेला. तिथे फ्लिंटलॉक मस्केट एरवी जेमतेम १डी६, पण क्रिटिकलला फासा डी१० होतो आणि वर आणखी एक डी१० मिळतो. गोळीचा धाक हवा असेल तर घरच्या नियमात हीच रीत उचला. एसीला हात लावू नका.

एक आला की बंदूक फुटली

हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशावर १ आला की मिसफायर, हा घरगुती नियम तरबेज नेमबाजालाच जास्त छळतो, कारण फासे त्याचेच जास्त पडतात. टर्नला तीन गोळ्या, पाच राउंड, म्हणजे १५ फासे. त्यात एकदा तरी १ येण्याची शक्यता ५४ टक्के. नवशिक्याची एकच गोळी असेल तर पाच राउंडला फक्त २३ टक्के. त्यापेक्षा टर्नमधल्या पहिल्याच हल्ल्याला १ आला तर बंदूक अडकेल, एक ॲक्शन खर्चून मोकळी होईल, एवढंच ठेवा.

किरकोळ, पण नडणाऱ्या गोष्टी

पल्ला वास्तवाला धरून वाढवू नका. हंटिंग रायफलचा ८०/२४० फूट (सहज पल्ला आणि कमाल पल्ला) हास्यास्पद वाटतो खरं, लाँगबोचाच १५०/६०० आहे. पण पाच फुटांच्या चौकोनांच्या नकाशावर ८० फूटही भरपूर होतात, आणि तलवारवाल्याला तेवढं अंतर कापायला ३० फुटांच्या चालीने तीन टर्न लागतात. खांब, भिंती, धूर नकाशावर हवेतच.

आवाज विसरू नका. कुलूप उघडणाऱ्या नॉक या मंत्राचा (स्पेलचा) ठोका ३०० फुटांवर ऐकू जातो, बंदुकीला निदान तेवढा पल्ला धरा. डंजनमध्ये (तळघरासारख्या भुयारी जागेत) पहिली गोळी सुटली की शेजारच्या खोल्या जाग्या झाल्याच पाहिजेत. धनुष्य अशा वेळी कामाला येतं.

बारुदाचं एक पिंप २५० नाण्यांना ७डी६ देतं. दहा पिंपं एकत्र पेटवून ७०डी६ मागणारा खेळाडू प्रत्येक टेबलावर असतो. पहिल्या पिंपाला ७डी६, पुढच्या प्रत्येकाला फक्त १डी६ आणि पाच फूट जास्त त्रिज्या, हे पिंपं विकायच्या आधीच जाहीर करा.