पाच काळ्या पट्ट्या: हौसेनं पेटी शिकायची आणि टिकवायची

हौसेनं पेटी (हार्मोनियम) धरणाऱ्याला बहुधा पहिल्याच दिवशी पांढरी एकवर सा देऊन अलंकारांची (स्वरांच्या सरावाच्या पलट्यांची) वही भरून मिळते, आणि महिन्याभरात पेटीवर कव्हर चढतं. दुकान, शेती, नोकरी सांभाळून पंचेचाळिशीत सुरुवात करायची असेल तर वेगळ्या वाटेनं जा. पहिला महिना फक्त पाच काळ्या पट्ट्या. पांढरीला हातच लावायचा नाही.

पेटीवर काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा जुडग्यांत असतात. दोनातली पहिली काळी एक, दुसरी काळी दोन. तीनाच्या जुडग्यात काळी तीन, चार, पाच. पांढऱ्या मोजायच्या त्या दोनाच्या जुडग्याला लागून डावीकडे असलेल्या पांढरीपासून, ती पांढरी एक. (बोटाखाली दाबतो तीही पट्टी आणि गाण्याचा सा जिथे धरतो तीही पट्टीच. भजनी मंडळात कानडी मंडळी असतील तर ती ‘श्रुती’ विचारतील, म्हणजे ही दुसरी.)

आता काळी तीनला सा माना आणि फक्त काळ्यांवरून वर जा: तीन, चार, पाच, पुढच्या सप्तकातली एक, दोन, आणि पुन्हा तीन. सा रे ग प ध सां. हे भूपाचे स्वर. बोटं अशी: तर्जनी, मधलं, अनामिका, मग हात सरकवून पुन्हा तर्जनी, मधलं, अनामिका. उतरताना उलट. अंगठा काळ्यांवर आणायचा नाही, मनगट वळतं आणि वेग कधीच येत नाही.

त्याच पाच पट्ट्या, पण सा काळी एकवर नेला की दुर्गाचे स्वर होतात: सा रे म प ध. काळी दोनवर सा धरला तर धानी, काळी चारवर मधमाद सारंग, काळी पाचवर मालकंस. स्वर पाचच, बदलतो फक्त सा. मूर्च्छना म्हणजे काय ते इथे पुस्तकाशिवाय कळतं. पण त्यासाठी मागे सा सतत वाजत हवा, नाहीतर कान जुन्याच सा ला चिकटून राहतो आणि पाचही राग भूपासारखे ऐकू येतात. मोबाइलवरचा तानपुरा चालेल. जुनी पेटी पुष्कळदा प्रमाण सुराला, म्हणजे ४४० हर्ट्‌झला मिळवलेली नसते; तेव्हा ॲपचा सूर खालीवर करून पेटीला जुळवा, कारण पेटी काही ॲपला जुळणार नाही. मालकंसात पंचम नाही, म्हणून तिथे तानपुरा पंचमाऐवजी मध्यमावर ठेवा.

अर्थात स्वर आले म्हणजे राग आला असं नाही. भूप आणि देशकार यांचे स्वर एकच आहेत. भूप गंधारावर रेंगाळतो, देशकार धैवतावर. ते गाणाऱ्याच्या शेजारी बसूनच येतं. आपल्या बेळगावात अशा गाणाऱ्यांना तोटा नाही. पं. रामभाऊ विजापुरे याच गावात पेटी वाजवायचे आणि शिकवायचे.

रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण रोज. रविवारी सलग दोन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही; बोटांना वाट आठवेपर्यंतच पहिला तास जातो. पहिली तीन मिनिटं एकच सूर धरून फक्त भाता. मग मिनिटाला ६० च्या लयीत एका ठोक्याला एक स्वर, वर आणि खाली. पुढची पट्टी दाबली गेल्यावरच मागची सोडायची, तरच सूर जोडून येतात. शेवटची पाच मिनिटं ओळखीची एखादी ओळ नुसत्या कानानं शोधा.

भात्यावर नवखे दोन चुका करतात. एक, तालावर भाता मारणं: मृदंगाच्या प्रत्येक ठोक्याला डावा हात हलतो आणि सूर कुथल्यासारखा येतो. दुसरी, भाता पार रिकामा झाल्यावर घाईनं भरणं: सूर मधेच बसतो आणि मग एकदम ओरडतो. निम्मी हवा शिल्लक असतानाच छोट्या, सावकाश हालचालीनं भरत राहा. ठेका भजनी असो की दादरा, डाव्या हाताला त्याचं काही कळता कामा नये.

दुसऱ्या महिन्यात दोनच पांढऱ्या घ्या. सा काळी एकवर, म्हणजे दुर्गाच्या पाच पट्ट्या, त्यात पांढरी तीन (कोमल गंधार) आणि पांढरी सात (कोमल निषाद). झाला भीमपलास. चढताना रे आणि ध सोडायचे, उतरताना सगळे घ्यायचे. भीमपलासातले अभंग भजनांत भरपूर आणि काळी एक ही पुरुषांची नेहमीची पट्टी, त्यामुळे एकादशीच्या भजनाला मागे बसण्याइतकी तयारी इथेच होते. बायकांच्या मंडळात काळी चार किंवा पाच लागते. तिथे बोटांची वाट नव्यानं बसवावी लागेल.

साथ करताना गाणाऱ्याच्या किंचित मागे राहा. ओळ पाठ असली तरी पुढे धावू नका. अभंगावरून दासरपदावर (कानडी हरिदासांच्या भक्तिपदावर) जाताना तर नाहीच, कारण ओळ कुठे वळणार हे गाणाऱ्यालाच ठाऊक. आणखी एक: पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा असतो. गायक भूपात गंधारावर थांबला की पेटी हळू करा किंवा सा धरून बसा. सूर जुळण्याच्या याच भांडणात १९४० ते १९७१ पर्यंत आकाशवाणीनं पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं.

पेटी घेताना दोन सुरांची, खर्ज-नर अशी (प्रत्येक पट्टीला एक खालचा आणि एक मधला सूर), साडेतीन सप्तकांची पुरे. स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी पेटी) घेऊ नका: वजन वाढतं आणि हवा गळायला जागा वाढतात. जुनी पेटी मिळत असेल तर अशी तपासा. सगळे खटके (सुरांकडे हवा सोडणारी समोरची बटणं) बंद करून चार-पाच वेळा भाता मारा. तो हाताला घट्ट लागला पाहिजे; सहज आत जात राहिला तर भाताच गळतो, आणि ते मोठं काम. बंद खटक्यांवर घट्ट, पण खटके उघडताच सैल पडला तर पट्ट्यांखालची चामडी हवा सोडते. ती बदलता येते. मग खालून वर एकेक पट्टी अगदी हलक्या हवेवर वाजवा. जी उशिरा बोलते तिच्यावर खूण करा.

आपल्या बेळगाव भागात खरा वैरी पाऊस. खानापूर, जांबोटीकडे जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं, पट्टी शेजारणीला घासते आणि दाबलेलीच राहते. ती तासून घेऊ नका. दिवाळीपर्यंत लाकूड आपोआप बसतं आणि तासलेली पट्टी मग खुळखुळते. तोवर दोन पट्ट्यांच्या मधे जाड कागद फिरवून बघा. अथणीकडे त्रास उन्हाळ्याचा: लाकूड आकसतं, सांधे हवा सोडतात. दोन्हीकडे उपाय एकच, पेटी जमिनीवर आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. दमट झाली म्हणून उन्हात तर मुळीच नको, सरस सुटतो. रोज वाजणाऱ्या पेटीत हवा खेळते, ती कपाटातल्या पेटीपेक्षा कमी बिघडते. भात्याचा पुठ्ठा उंदरांना आवडतो, एवढं लक्षात ठेवा.

एखादा सूर अचानक मुका झाला तर बहुतेक वेळा सूर देणाऱ्या पितळी जिभेखाली धुळीचा कण अडकलेला असतो. वरचं झाकण काढा, सुरांची फळी स्क्रू सोडवून अलगद उचला, कागदाची पातळ पट्टी जिभेखालून एकदाच ओढून बाहेर घ्या. ब्लेड नको, जीभ वर उचलणं नको. जिभेचं टोक खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. म्हणून बेसूर झालेला सूर घरी दुरुस्त करू नका, पेटी करणाऱ्याकडे न्या, आणि खूण केलेल्या उशिरा बोलणाऱ्या पट्ट्याही त्याच खेपेला दाखवा.