डिप्लोमावर ‘मास्टरी’ हवी असेल तर नववीतच जागे व्हा

न्यूयॉर्क राज्याच्या हायस्कूल डिप्लोमावर ‘मास्टरी इन मॅथेमॅटिक्स’ आणि ‘मास्टरी इन सायन्स’ असे दोन खास उल्लेख मिळू शकतात. नव्याने आलेल्या बऱ्याच मराठी घरांना हे कळतं ते थेट अकरावीत, आणि तोवर निम्मी संधी गेलेली असते. मी नाशिकहून आठवी करून क्वीन्समधल्या एका सरकारी शाळेत नववीला दाखल झाले आणि 2019 साली दोन्ही उल्लेख घेऊन बाहेर पडले. तेव्हाच्या आणि आताच्या काही गोष्टी बदलल्या आहेत, त्या ओघात सांगतेच.

रीजंट्स म्हणजे राज्याच्या परीक्षा, 1865 पासून चालत आलेल्या. पास व्हायला 65 लागतात. अल्जिब्रा वन, जॉमेट्री आणि अल्जिब्रा टू या तिन्हींत 85 किंवा जास्त पडले की गणिताची मास्टरी. विज्ञानाच्या तीन पेपरांत तसेच 85 पडले की विज्ञानाची. मात्र हे उल्लेख ‘ॲडव्हान्स्ड डेझिग्नेशन’वाल्या, म्हणजे वरच्या श्रेणीच्या डिप्लोमावरच येतात, साध्या रीजंट्स डिप्लोमावर नाहीत. ॲडव्हान्स्डसाठी इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेचा भाग वेगळा असतो. मराठी शाळेतून आला असाल तर आधीच्या शिक्षणाचं काही क्रेडिट मिळतं का, हे काउन्सेलरला (शाळेतल्या मार्गदर्शकाला) पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

खरी मेख विज्ञानात आहे. ॲडव्हान्स्डसाठी विज्ञानाचे दोनच पेपर पुरतात. त्यामुळे दोन झाले की शाळा सांगते, सगळं व्यवस्थित चाललंय. ते खोटंही नसतं! तिसरा पेपर तुम्ही स्वतःहून मागायचा असतो. माझ्या वेळी लिव्हिंग एन्व्हायर्नमेंट (म्हणजे जीवशास्त्र), अर्थ सायन्स, केमिस्ट्री आणि फिजिक्स असे चार होते. मी पहिले तीन अकरावीपर्यंत संपवले आणि फिजिक्स बारावीत घेतलं. तिसरा पेपर बारावीवर ढकलू नका, कारण परीक्षा जानेवारी, जून आणि ऑगस्टमध्ये होत असल्या तरी प्रत्येक वेळी सगळे विषय नसतात. ऑगस्टमध्ये फिजिक्स तेव्हा नसायचंच. बारावीच्या जूनमध्ये 82 पडले तर डिप्लोमाच्या आधी पुन्हा बसायला वेळच उरत नाही. अकरावीत 82 पडले तर पुन्हा बसा. दोन्हींतले जास्त गुण धरतात.

इथली बरीच मुलं अल्जिब्रा वनची परीक्षा आठवीतच देऊन आलेली असतात. त्यामुळे नववीत आपण मागे पडलो असं वाटतं. तसं काही नाही. नववी, दहावी, अकरावीला एकेक पेपर दिला तरी तिन्ही वेळेत होतात. सेमी-इंग्रजीतून आलेल्यांना गणित जड जात नाही, कारण समीकरणं आपण आधीच घोटलेली असतात. अडतं ते ग्राफिंग, म्हणजे आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरशी. अल्जिब्रा टूच्या पेपरला तो लागतोच आणि आपल्याकडे तो कोणी हातात धरलेला नसतो. शाळेतून घरी न्यायला मिळाला तर सुट्टीत त्यावर हात बसवून ठेवा.

आणि प्रयोग. विज्ञानाच्या रीजंट्सला बसायचं तर 1200 मिनिटांचं प्रयोगशाळेतलं काम आणि त्याचे स्वीकारलेले रिपोर्ट लागतात. आपल्याकडे जर्नल परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पूर्ण करून सही घेता येते, इथे ते चालत नाही. एका प्रयोगात आम्हाला पक्षी केलं होतं: प्रत्येक गटाच्या हाती चोच म्हणून पक्कड किंवा चिमटा, आणि ठरलेल्या वेळात बशीतल्या बिया टिपायच्या. आमची पक्कड बारीक बियांवरून नुसती घसरत होती. मग त्याच आकड्यांवरून कुठली चोच तगेल आणि का, हे लिहायचं. पेपरातही हेच विचारतात, व्याख्या फारशा नाहीत. हा लिव्हिंग एन्व्हायर्नमेंटचा पेपर आता बदललाय. 2025 पासून ‘लाइफ सायन्स: बायॉलॉजी’ आली आहे. पण पाठांतराने भागेल अशी आशा तिथेही ठेवू नका.

केमिस्ट्रीत तर तक्त्यांची पुस्तिकाच परीक्षेत हातात देतात. धातूंची क्रियाशीलता, विद्राव्यतेचे आलेख, मूलद्रव्यांचे गुणधर्म, सगळं त्यात. मला आधी वाटलं, ही तर चंगळ! पण प्रश्न असा येतो की अमुक द्रावणात जस्ताचा तुकडा टाकला तर काय होईल ते ‘इन टर्म्स ऑफ’ दोन्ही धातू सांगा. अशा वेळी जस्ताबद्दल कितीही छान परिच्छेद लिहा, दुसऱ्या धातूचा उल्लेख राहिला की गुण गेला. आपली भरभरून लिहायची सवय इथे कामाची नाही. दोन्ही धातूंची नावं असलेलं एक वाक्य पुरतं.

तयारीला क्लास लावायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर जुने पेपर फुकट आहेत, उत्तरांसकट. गणिताच्या पेपरांबरोबर मुलांनी लिहिलेली नमुना उत्तरंही असतात, कोणाला किती गुण दिले आणि का, यासह. पूर्ण गुणांची उत्तरं सोडा, एक गुण कापलेली वाचा. कच्च्या गुणांचं शंभराच्या मापात रूपांतर करणारा तक्ताही तिथेच मिळतो. आमच्या वेळी अल्जिब्रा वनला 86 पैकी तिशीच्या आसपास मिळाले तरी 65 पडायचे. वर 85 कडे जाताना मात्र ही सढळ मदत आटते.

कॉलेज प्रवेशाला याचा किती उपयोग? उल्लेखाचा जवळपास शून्य. अर्ज बारावीच्या हिवाळ्यात जातात आणि डिप्लोमा मिळतो जूनमध्ये. कॉलेज बघतं ते ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या विषयांची आणि गुणांची नोंद, आणि तिथे तिसरं विज्ञान घेतलेलं दिसतं. माझ्या लेखी खरी कमाई तीच.

राज्याने 2027-28 या शालेय वर्षापासून डिप्लोमासाठी रीजंट्सची सक्ती उठवायचा आराखडा जाहीर केला आहे. म्हणून आत्ता नववीत येणाऱ्यांनी आपल्या वर्षाला कुठले नियम लागू होतात ते काउन्सेलरकडून लेखी मागून घ्यावं. बारावीतल्यांनी मार्चमध्ये ट्रान्स्क्रिप्टची प्रत घेऊन सहाही गुण नोंदले आहेत ना, ते बघावं. मधे शाळा बदलली असेल तर आधीच्या शाळेतले गुण आधी तपासा. राहून जातात ते तेच.