जिताड्यासाठी जिवंत कोळंबी: शिंगाळ्यांचा त्रास असा थांबला

दाभोळच्या खाडीत जिताडा (खाडीतला मोठा शिकारी मासा) गरवायला, म्हणजे गळाने धरायला बसलो की सगळा वेळ शिंगाळे (तळाशी फिरणारे मिशीवाले मासे) आणि चिंबोऱ्यांतच (खेकड्यांत) जायचा. मेलेली कोळंबी वजनाबरोबर तळाला बसते, वास सुटतो आणि तळ चाळणारे हे दोघे आधी पोचतात. जिताड्याला हलतं भक्ष्य हवं, तेही तळापासून वर.

म्हणून जिवंत कोळंबीवर आलो. पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकून त्याच खाडीतली धरायची, म्हणजे पाण्याचा खारटपणा तोच राहतो. बादली सावलीत, वर ओलं गोणपाट, पाणी थोडं थोडं बदलत राहायचं.

खरी मेख गरी, म्हणजे गळाचा आकडा, लावण्यात आहे. उजेडात धरली की कोळंबीच्या डोक्यात काळसर ठिपका दिसतो. तिथे टोक घुसलं की ती मेलीच. गरी ठिपक्याच्या पुढे, करवती काट्याच्या बुडाशी आडवी घालायची. बारीक तारेचीच घ्या, जाड गरीने कवच तडकतं. तळाचं वजन काढलं आणि फ्लोट (पाण्यावर तरंगणारा तुकडा) लावून कोळंबी तळापासून हातभर वर ठेवली.

ओहोटी लागली की कांदळवनातल्या ओहळांतून बारीक मासळी बाहेर येते आणि जिताडा ओहळाच्या तोंडाशी दबा धरतो. फ्लोट तिथूनच वाहू द्यायचा. शिंगाळे जवळजवळ बंद झाले, जिताडे लागू लागले. गरीजवळची दोरी मात्र जाड ठेवा, कल्ल्याची कड वस्तऱ्यासारखी कापते.

एक कळकळीची विनंती: जिताडा बहुधा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणून मोठा लागला तर ओल्या हाताने धरून परत सोडा.