अन्नदानासाठी भाजीचे वाफे: बी आणण्याआधीची तयारी

बी आणायला जाण्याआधी एक फोन करा. भाजी ज्या वृद्धाश्रमाच्या किंवा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जाणार, तिथल्या मावशींना विचारा: पालेभाजी कोणत्या वारी करता, ताटं किती, निवडायला हात किती? उत्तरं वहीत लिहा. वार ठरल्याशिवाय एक दाणाही पेरायचा नाही. गेल्या खेपेला नेमकं हेच राहिलं होतं.

वाफा जमिनीवरच. फूटभर ओल्या मातीचं वजन चौरस फुटाला ४५ किलोच्या आसपास भरतं आणि नेहमीच्या गच्चीचा स्लॅब त्यासाठी बांधलेला नसतो. सोसायटीत कुणी कितीही आग्रह केला तरी गच्चीवर नको. माप ८ बाय ४ फूट, उंची १ फूट. रुंदी चार फुटांच्या वर नेली की मधलं तण काढायला आत पाय ठेवावा लागतो आणि माती दबते. भिंतीलगत असेल तर दोनच फूट. कडेला विटा किंवा जांभा. जुनं रंगवलेलं लाकूड नको. ऊन सहा तास तरी हवं.

एका वाफ्याला ३२ घनफूट माल लागतो: दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग गांडूळखत, वर दोन किलो निंबोळी पेंड. नुसती काळी माती भरू नका. ओली असताना पाणी धरून बसते, सुकली की भेगाळते. शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या. ताज्या शेणाने मुळं जळतात आणि त्याबरोबर हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, मग पुढचा सगळा हंगाम तिच्याच मागे जातो. काठोकाठ भरून पाणी द्या, पंधरा दिवस थांबा. माती दोन-तीन इंच खचते, पुन्हा भरा.

आता परत वार. थंडीत मेथी साधारण चार आठवड्यांत उपटायला येते, म्हणजे ज्या वारी द्यायची त्याच वारी पेरायची. वाफ्याचे दोन-दोन फुटांचे चार पट्टे पाडा आणि दर आठवड्याला एकच पट्टा पेरा. एकच! सगळा वाफा एका दिवशी पेरलात तर सगळी मेथी एकदम येते, स्वयंपाकघर तेवढी घेऊ शकत नाही, आणि पुढचे तीन आठवडे द्यायला काही नसतं. एका पट्ट्यातून किलोभर मेथी धरा. ताटाला १०० ग्रॅम म्हटलं तर ४० ताटांना चार किलो, म्हणजे चार वाफे, प्रत्येकातला एक पट्टा त्या आठवड्याचा. कडाक्याच्या थंडीत मेथी चार-पाच दिवस मागे पडते. तो वार चुकू नये म्हणून पाचवा वाफा पालकाचा ठेवा. जमिनीपासून दोन इंचांवर कापला की पंधरा-वीस दिवसांत पुन्हा येतो. निवडायला एकच मावशी असतील तर पालकच जास्त लावा. चार किलो मेथी एकटीने निवडायची आणि वर स्वयंपाकही करायचा, हे त्यांच्यावर लादू नका.

किराणा दुकानातली मेथी चालते, आधी थोडी उगवून बघा. रात्रभर भिजवून, चार बोटांवर ओळी, अर्धा इंच खोल. कबुतरांसाठी जाळी. पाणी सकाळी, बेताचं. जास्त झालं की रोपं बुडातून कोलमडतात. रासायनिक फवारणी अजिबात नाही, चार आठवड्यांत पान ताटात जाणार आहे. मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) दिसला तर निंबोळी अर्क.

आदल्या संध्याकाळी फोन करून वार पक्का करा. पहाटे उपटा, माती झटका, धुऊ नका, ओल्या गोणपाटात गुंडाळून आठच्या आत पोचवा. रिकाम्या पट्ट्यात घमेलंभर शेणखत मिसळून त्याच दिवशी पुन्हा मेथी. कोथिंबीर तिथे नको. तिला सहा आठवडे लागतात आणि वारांचं चक्र मोडतं.